मुद्दाम अर्धवट

आत्याने तो छोटा पुठ्ठ्याचा खोका हातात घेतला आणि नारळ घेताना कानाशी नेऊन हलवतात तसा हलवून पाहिला. काउंटरमागचा मुलगा एकदम पुढे झुकला. "आजी, हलवू नका, प्लीज. आतून सॉफ्ट असतं ते."

"म्हणजे कच्चं राहिलंय?"

"नाही आजी, जॅपनीज स्टाइल आहे."

कच्चं राहिलेल्या पदार्थाला इतकं चांगलं नाव असतं, हे आपल्याला एवढी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही, अशा चेहऱ्याने आत्याने माझ्याकडे पाहिलं. "मग लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतल्या माझ्या नारळाच्या वड्या जॅपनीज स्टाइलच होत्या म्हणायच्या," ती म्हणाली. "सगळ्यांनी चमच्याने खाल्ल्या. सासूबाई सोडून."

ठाण्यात राम मारुती रस्त्याला फुटणाऱ्या एका गल्लीतलं हे दुकान. चार टेबलं, एक ओव्हन, काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले पिवळेजर्द चीज टार्ट, म्हणजे खुसखुशीत कवचात भाजलेलं मऊ चीज. वरून चकचकीत, मध्ये जरा फुगीर, कडेला एखादा काळपट डाग. आधी या गाळ्यात काय होतं यावर येतायेताच आमचा वाद झाला होता. मी म्हणत होतो झेरॉक्सवाला, आत्या म्हणत होती पिको-फॉलवाली बाई. बहुधा दोघंही होते, आगेमागे.

आत्याची नौपाड्यातली इमारत रीडेव्हलपमेंटला गेल्यापासून ती पाचपाखाडीत भाड्याच्या घरात राहते. घर चांगलं आहे, लिफ्ट आहे, पण ओटा तिच्या उंचीला नको इतका वर आहे आणि "परक्या ओट्यावर हात चालत नाही" हे तिचं म्हणणं. मी घोडबंदरला राहतो, नोकरी ऐरोलीला. आठवडा रस्त्यावरच जातो. रविवारी मात्र तिला घेऊन कुठेतरी खायला जायचं, असा आमचा अलिखित नेम. मिसळ झाली, थालीपीठ झालं, एकदा तिने हट्टाने रामेन खाल्लं आणि "शेवयांची आमटी बरी होती" असं प्रशस्तिपत्रक दिलं. टार्टचा बेत माझा. तिने फोनवर एकच विचारलं होतं, "त्यात अंडं असतं का?" असतं म्हटल्यावर म्हणाली, "मग मंगळवार सोडून कधीही."

मला स्वतःला हा पदार्थ नवा नव्हता, पण त्याच्याशी माझी पहिली भेट फार वाईट झाली होती. ऑफिसात कुणाच्या तरी बढतीनिमित्त कुठल्याशा दुकानातून ॲपवर मागवलेले टार्ट. ऐन पावसात, पाऊण तास स्कूटरच्या डब्यात हिंदकळून आलेले. कवच सादळलेल्या खारीसारखं, आतलं चीज एका बाजूला सरकून खोक्याच्या झाकणाला लागलेलं. सगळ्यांनी "वॉव" म्हटलं, मीही म्हटलं. बढती माझ्याच बॉसची होती. तेव्हाच ठरवलं होतं, की ही गोष्ट खायची तर ओव्हनपासून पाच पावलांवर बसूनच खायची.

आणि खरं तर ती तशीच खायची असते. हा टार्ट जपानच्या अगदी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या नावावर मिरवतो, ते उगीच नाही. जपानच्या एकूण दुधातलं निम्म्याहून जास्त दूध या एका बेटावर होतं. साप्पोरो या तिथल्या मुख्य शहरात 1983 मध्ये सुरू झालेल्या किनोतोया नावाच्या मिठाईवाल्यांच्या घरातूनच हा टार्ट पुढे आला, आणि 2014 मध्ये टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला लागून 'बेक' नावाचं दुकान उघडलं. तिथे फक्त टार्टच मिळत, समोर भाजलेले, गरम. मग रांगा, मग सिंगापूर, हाँगकाँग, आणि मग नावात होक्काइदो लावून जगभर नकला. यातलं मर्म आहे दोनदा भाजण्यात. आधी नुसतं कवच भाजून घ्यायचं, म्हणजे ते ओलं होत नाही. मग त्यात चीजचं मऊ सारण भरायचं आणि कडक आचेवर काही मिनिटंच पुन्हा आत ढकलायचं. वरचा पापुद्रा रंग धरतो, आत मात्र आच पोचायच्या आधीच टार्ट बाहेर येतो. म्हणजे ते कच्चं राहत नाही, कच्चं ठेवलं जातं.

हे सगळं मी आत्याला टेबलावर बसल्याबसल्या ऐकवलं. मला ही खोड आहे. खायच्या आधी पदार्थाची कुंडली मांडायची. ती ऐकत होती, पण नजर ओव्हनवर. तिथला मुलगा तबक बाहेर काढत होता आणि तबक टेकताना सगळे टार्ट एकदम थरथरले.

"हे बसलेलं नाहीये," आत्या म्हणाली.

दुधाच्या बाबतीत आत्याशी वाद घालायचा नाही, हा आमच्या घरातला जुना शहाणपणा. एकोणीस-वीस वर्षांची असताना ती दादरला आरेच्या दूध केंद्रावर कामाला होती. पहाटे उठून केंद्रावर जायचं, काचेच्या बाटल्यांचे क्रेट मोजून घ्यायचे, लोकांची कार्डं बघून बाटल्या द्यायच्या, रिकाम्या परत घ्यायच्या आणि मग कॉलेज. बाटलीच्या तोंडाशी चिकटलेल्या साईवरून दूध कुठलं हे ओळखता येतं, असं ती सांगते. खरं किती, देव जाणे. पण टोन्ड दुधाची गोष्ट ती अशी सांगते, जणू तेव्हाचे मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी तिच्या शेजारीच राहत होते. म्हशीचं दूध दाट आणि महाग, त्यात बिनसाईच्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते स्वस्त आणि जास्त करायचं, ही कल्पना खुरोडींची. 1963 सालचा मॅगसेसे पुरस्कार कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांनाही मिळाला होता. कुरियनांचं नाव आज शाळेतल्या पोराला माहीत असतं आणि खुरोडींचं कुणाला नसतं, याचा आत्याला अजून राग आहे. "आणंदचं लोणी सगळ्यांना दिसलं, मुंबईच्या पोरांचं दूध कुणाला दिसलं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना तिचा उजवा हात नकळत बाटली उचलल्यासारखा वळतो.

तर आम्ही दोन टार्ट घेतले. एक अंड्याचा, एक बिनअंड्याचा. बिनअंड्याचा मला नको होता. पण आत्या म्हणाली, "दोन्ही घे. एकच खाल्लं तर कळायचं काय?" एक टार्ट 220 रुपयांचा. तिने मनातल्या मनात त्याचा चक्का केला, हे मला दिसलं.

अंड्याचा आधी. कवच दाताखाली मोडलं तेव्हा आवाज आला, आणि लगेच आत काहीच लागलं नाही. म्हणजे लागलं, पण जिभेने धरायच्या आतच पसरलं. आधी खारट, मग गोड, शेवटी लिंबासारखी एक बारीक आंबट रेघ. गरम होतं, पण पोळण्याइतकं नाही. मी डोळे मिटले आणि जे वाक्य गेला आठवडाभर तयार ठेवलं होतं ते टाकलं.

"आत्या, हा तर खरवस आहे!"

आत्याने चमचा खाली ठेवला. "कुठून खरवस?"

मी सांगायला लागलो. दूध, आच, थरथर. चिकात प्रथिनं भरपूर असतात, म्हणून वाफ लागली की तो आपोआप बांधला जातो. गाईच्या पहिल्या धारेच्या चिकात साधारण 14 टक्के, नेहमीच्या दुधात कशीबशी 3 ते 3.5. इथे ते काम अंडं करतं. तत्त्व तेच. शिवाय ती थरथर बघ. लहानपणी तुझ्याकडे शेजारचा गवळी चीक आणून द्यायचा, तेव्हा कुकरमधून डबा काढलास की तोही असाच...

"खरवसाला जाळी असते," ती म्हणाली. "सुरी लावली की काप उभा राहतो. हा राहील उभा? आणि खरवस खाताना दातांना किंचित कचकचतो. चीक पहिल्या दिवसाचा की तिसऱ्या, त्यावर दूध किती घालायचं ते ठरतं, नाहीतर रबर होतो. यात यातलं काही आहे का? उगाच काहीतरी. पांढरं-पिवळं दिसलं की तुम्हाला खरवस आठवतो."

ती बरोबर होती, आणि मला ते जरा लागलंही. कारण ही नुसती माझी खोड नाही. आमच्या पिढीला काहीही नवीन खाल्लं की ते आपलंच होतं असं सिद्ध केल्याशिवाय घास उतरत नाही. तिरामिसू म्हणजे कॉफीतलं बिस्किट, पॅनकेक म्हणजे घावन, मोची म्हणजे उकडीचा मोदक. एकदा असं म्हटलं की पुढे चव घ्यायची गरजच उरत नाही. ओळखीचा शिक्का मारून फाईल बंद.

तरी मी फाईल इतक्यात सोडली नाही. माझ्याकडे मोठा पत्ता होता. जपानमध्ये फार पूर्वी, हजारभर वर्षांमागे, दूध तासन्‌तास आटवून 'सो' नावाचा पदार्थ करत. आपला खवाच. सामान्य माणसाच्या ताटात तो नसे, दरबारात आणि मठांत असे. पुढे दूध त्यांच्या जेवणातून जवळजवळ नाहीसंच झालं, ते एकोणिसाव्या शतकात पुन्हा आलं. होक्काइदो वसवताना तेव्हाच्या मेजी सरकारने परदेशी माणसं आणली, त्यांत 1873 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोचा एडविन डन आला. त्याने गाई आणि चारा यांचं शास्त्र तिथे रुजवलं, आणि आज ज्या दुधाच्या नावावर हा टार्ट विकतात ते तिथून सुरू झालं. पण मौज पुढेच आहे. 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या, मुलांच्या शाळेतल्या जेवणातलं दूध उरायला लागलं, तेव्हा जपानी लोकांनी घरोघरी कढया चढवून तो जुना 'सो' आटवायला घेतला. आणि दुधाच्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात शुद्ध अवस्थेला त्यांच्याकडे 'दाइगो' म्हणतात. तो शब्द बौद्ध सूत्रांतून गेला. मुळातला संस्कृत शब्द सर्पिर्मंड, त्याचं हे भाषांतर. दूध, दही, लोणी, तूप आणि तुपावरची निवळी. एखाद्या गोष्टीतली खरी गोडी म्हणजे 'दाइगोमी', असं ते आजही म्हणतात.

हे सगळं एका दमात सांगून मी थांबलो.

"मग त्यांनी तूप खावं," आत्या म्हणाली आणि बिनअंड्याचा टार्ट पुढे ओढला.

तो पहिल्यापेक्षा घट्ट होता. चमचा घातल्यावर खळगा तसाच राहिला. आत्याने दोन घास खाल्ले, परत पहिल्याकडे वळली, परत दुसरा. दोन साड्यांचे पोत बोटांनी पाहावेत तसं चाललं होतं. मी तोपर्यंत गप्प बसून शब्द शोधत होतो. कवचाचं सोपं आहे. खुसखुशीत. जपानी लोक अशा कवचाला 'साकुसाकु' म्हणतात. बघा, आपल्यासारखाच जोडीने येणारा, दाताखालचा आवाज घेऊन आलेला शब्द. या बाबतीत आपली आणि त्यांची भाषा बहिणी शोभाव्यात. (इथेही मी नातं लावलंच. जित्याची खोड.) हलतं डुलतं ते 'पुरुपुरु', हलकं फुललेलं ते 'फुवाफुवा', आणि या टार्टच्या पोटासारखं दाट, ओघळू पाहणारं ते 'तोरोतोरो'. तिथे हे शब्द जाहिरातीत असतात, पाकिटावर छापतात. तोरोतोरो म्हटलं की गिऱ्हाईक रांगेत उभं राहतं.

मराठीत मात्र माझी पंचाईत झाली. कडक, कोरड्या गोष्टींच्या कौतुकाला शब्दच शब्द. खुसखुशीत, कुरकुरीत, खमंग, खुटखुटीत. मऊ पण पूर्ण झालेल्या गोष्टींनाही आहेत. लुसलुशीत, मऊसूत, जाळीदार. पण जे अजून बसलेलं नाही, हलतंय, त्याला? लिबलिबीत. गिळगिळीत. बुळबुळीत. थुलथुलीत. एकही शब्द असा नाही की जो ऐकून कुणी खिशातून 220 रुपये काढेल. आपल्या स्वयंपाकघरात वडी पडली पाहिजे, पाकाला तार आली पाहिजे, भात फडफडीत झाला पाहिजे, दही चमच्याला धरून उभं राहिलं पाहिजे. मध्येच थांबलेल्या गोष्टीला आपण अर्धवट म्हणतो. माणसालाही तोच शब्द लावतो, आणि तो काही कौतुकाने नाही.

मी आत्याला विचारलं, "याला काय म्हणशील? आतल्या भागाला? खरवस नाही म्हणालीस, मग काय?"

तिने अंड्याच्या टार्टमधला शेवटचा चमचा वर उचलला आणि जरासा तिरका केला. ते पिवळं सारण चमच्याच्या कडेपर्यंत आलं, तिथे जाड होऊन क्षणभर अडलं, मग एका संथ घडीने खाली उतरलं. पडल्यावर पसरलं नाही लगेच. आधी स्वतःवरच बसलं, मग पसरलं.

"पळीवाढं," आत्या म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मोठ्याने हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली मोबाइल खाली ठेवून बघायला लागल्या.

"हसू नकोस. पिठलं दोन तऱ्हेचं. एक कोरडं, एक पळीवाढं. पळीने वाढता आलं पाहिजे, पण पाणी नको. हे तसं आहे. आणि ऐक, हे नुसतं भाजून असं होत नाही. हे आधी आचेवर ढवळलेलं आहे. सारखं ढवळलंय कुणीतरी, हात न थांबवता, म्हणून गाठ नाही. काहीतरी पीठ लावलंय याला. त्या दुसऱ्याला जास्त लावलंय, म्हणून तो मठ्ठ झाला."

"पण आत्या, हे चीज आहे. पीठ कशाला असेल?"

"मी कुठे म्हणतेय बेसन आहे?"

तिला त्या मुलाला विचारायचं होतं, पण तोपर्यंत दुकानात गर्दी झाली होती. कुणाचा तरी वाढदिवस होता. टार्टवर मेणबत्ती लावायचा प्रयत्न चालला होता आणि मेणबत्ती कलंडत होती. पळीवाढ्यात मेणबत्ती कशी उभी राहणार. निघताना आत्याने आणखी एक टार्ट बांधून घ्यायला लावला. काउंटरवर पाटी होती, की हा टार्ट चार तऱ्हांनी खाता येतो. गरम, कोमट, फ्रिजमधला थंड आणि फ्रीझरमध्ये गोठवून आइस्क्रीमसारखा. "गोठवलेला बघते," ती म्हणाली. मुलाने विचारलं, "एगलेस?" "अंड्याचा," ती म्हणाली. "तो मठ्ठ नको."

गाडी समविषम पार्किंगच्या नेमकी चुकीच्या बाजूला लावलेली होती, हे तेव्हा लक्षात आलं. टोइंगवाले अजून यायचे होते. नशीब.

आत्याचं बोलणं दोन दिवस डोक्यात होतं. शेवटी परवा रात्री बसून या टार्टच्या सात-आठ कृती वाचून काढल्या. क्रीम चीज, दूध, लोणी, साखर, कुठे थोडं मास्कारपोने, कुठे चिमूटभर खारट चीज, अंडं, लिंबाचा रस. आणि बहुतेक ठिकाणी, अगदी साधेपणाने लिहिलेलं, एक-दोन चमचे कॉर्नफ्लोर. भांडं उकळत्या पाण्यावर धरायचं आणि सारण दाट होईपर्यंत सतत ढवळायचं, गाठी होऊ द्यायच्या नाहीत. मग गार करून कवचात भरायचं, वरून अंड्याचा बलक लावायचा आणि कडक आचेवर काही मिनिटं. ओव्हन फक्त रंग देतो. दाटपणा त्याच्या आधीच आलेला असतो, शेगडीवर, हाताने. मी भट्टी, तापमान, होक्काइदो, सर्पिर्मंड सगळं धुंडाळून आलो होतो, आणि तिने ते चमचा तिरका करून ओळखलं होतं.

काल रात्री मी तिला फोन केला.

"आत्या, तू बरोबर होतीस. आधी ढवळतात. कॉर्नफ्लोर लावून."

"मग," ती म्हणाली. तिला याचं काही नवल वाटलं नव्हतं. मागे कुकरची शिट्टी झाली. "मी सांगितलंच होतं. आपल्याकडे पिठल्याला वरून भाजत नाहीत, एवढाच फरक. पण तेही करून बघायला हरकत नाही. नवीन घरात ओव्हन घ्यायचा म्हणतेय मी. ओटा मात्र खाली हवा."

"आणि तो फ्रीझरमधला? खाल्लास का? कसा लागला?"

"अजून नाही."

"का? दोन दिवस झाले."

"अरे, आज मंगळवार," आत्या म्हणाली. "अंडं आहे ना त्यात."